कुलूपबंद पत्र आणि संतापलेला फौजदार

पोलीस खात्यातील लाचखोरीचा विषय निघाला की सुशिक्षित समाजात सामान्यतः दोन प्रकारची मते ऐकू येतात. सारे खातेच नासले आहे, त्यात आता काही राम उरलेला नाही, हे पहिले मत. दुसरे असे की, एखादा निधड्या छातीचा, सचोटीचा अधिकारी आणून बसवावा, त्याला कायद्याच्या कटकटीतून मोकळे करावे, म्हणजे आठवड्याभरात सगळे गुंड वठणीवर येतील. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. पण ती बहुधा एकाच माणसाच्या तोंडून, चहाचा एक पेला संपायच्या आत ऐकायला मिळतात. यात आश्चर्य नाही. दोहोंपैकी कोणतेही मत खरे मानले तरी बोलणाऱ्याला स्वतःला काही करावे लागत नाही, हा त्यांच्यातील समान धागा आहे.

फ्रिट्झ लँग यांचा ‘द बिग हीट’ हा १९५३ सालचा अमेरिकन चित्रपट यांपैकी दुसऱ्या मताचा पुरस्कर्ता समजला जातो. एकटा, प्रामाणिक, जखमी वाघासारखा चवताळलेला पोलीस अधिकारी भ्रष्ट शहराशी झुंजतो आणि जिंकतो, अशी त्याची ख्याती. या साच्याचे शेकडो चित्रपट पुढे अमेरिकेत निघाले, आपल्याकडेही निघाले आणि अजून निघत आहेत. परंतु मूळ चित्रपट लक्षपूर्वक पाहिला तर तो जवळजवळ उलट गोष्ट सांगतो, असे आमचे मत आहे. त्यातील फौजदाराच्या संतापाने शहर शुद्ध होत नाही. ते होते एका कागदाने. आणि त्या कागदापर्यंत वाट काढून देणारी माणसे कोण होती, हा या चित्रपटातील खरा प्रश्न आहे.

‘हीट’ हा तिकडच्या गुन्हेगारांच्या बोलीतला शब्द. पोलिसांचा ससेमिरा, वरून लागणारी धग, असा त्याचा आशय. ज्या चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ च्या सुमारास ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळोखी चित्रपट, असे नाव दिले, त्या परंपरेतील ही एक मान्यवर कृती. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत २०११ साली तिचा समावेश झाला. दिग्दर्शक लँग हे व्हिएन्नात जन्मलेले, जर्मनीत नावारूपाला आलेले आणि १९३३ मध्ये त्यांच्या एका चित्रपटावर नाझींनी बंदी घातल्यावर तो देश सोडून गेलेले. पुढे १९५९ मध्ये याच लँग यांनी हिंदुस्थानातील एका काल्पनिक संस्थानाच्या पार्श्वभूमीवर दोन जर्मन चित्रपट काढले आणि त्यांचा काही भाग उदयपुरात चित्रित केला. त्या चित्रपटांतला हिंदुस्थान पाहून आपल्याला हसू आवरणे कठीण जाते. अमेरिकन शहर मात्र या परक्या माणसाला अचूक दिसले होते.

चित्रपट उघडतो तो टेबलावर ठेवलेल्या एका पिस्तुलावर. एक हात ते उचलतो, गोळीचा आवाज होतो आणि टॉम डंकन नावाचा पोलीस अधिकारी आपल्याच लिहिण्याच्या टेबलावर कोसळतो. त्याच्या बिल्ल्याशेजारी एक जाड पाकीट पडले आहे, सरकारी वकिलाच्या नावे. जिन्यावरून त्याची पत्नी बर्था खाली येते. ती किंचाळत नाही, रडत नाही. पाकीट फोडून पत्र वाचते आणि पोलिसांना कळवण्यापूर्वी शहरातील गुंडांचा म्होरक्या माइक लागाना याला दूरध्वनी करते. त्या पत्रात लागानाच्या साऱ्या उद्योगांची आणि पोलीस खात्यातील त्याच्या भागीदारांची कबुली आहे. बर्था ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवते आणि लागानाकडून नियमित पैसे उकळू लागते. मात्र तिला काही झाले तर पत्र उघड होणार, अशी तजवीज तिने करून ठेवली आहे. त्यामुळे लागानाला तिला मारताही येत नाही.

हा डंकन कोण होता? तो रस्त्यावर हप्ते गोळा करणारा शिपाई नव्हता. तो पोलिसांच्या अभिलेख विभागाचा प्रमुख होता. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा जन्म नस्तींच्या सहवासात गेलेला असल्याने या तपशिलाचे मोल त्यांना वेगळे सांगायला नको. लाच घेऊन डोळे मिटणारा शिपाई एका रात्रीपुरता गुन्हेगाराच्या उपयोगी पडतो. ज्याच्या हाती नोंदी आहेत तो मात्र गुन्हा घडलाच नव्हता असे कायमचे ठरवू शकतो. पगारात न बसणारे दुसरे घर डंकनने बांधले होते. ते सर्वांना दिसत होते आणि त्याविषयी कोणीही विचारले नव्हते. विचारतो तो फक्त सार्जंट डेव्ह बॅनियन, आणि त्याने ते विचारल्याबरोबर वरून निरोप येतो की, बिचाऱ्या विधवेला त्रास देऊ नका.

हा ‘वरून’ शब्द चित्रपटभर ऐकू येतो. बॅनियनचा वरिष्ठ विल्क्स हा काही खलपुरुष नव्हे. निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा, कोणाशी वाकडे न घेणारा, साधा गृहस्थ आहे तो. तो स्वतः पैसा खातो असे चित्रपट कुठेही सुचवत नाही. तो फक्त वरचा निरोप खाली पोहोचवतो. पोलीस आयुक्त हिगिन्स लागानाच्या हस्तकाच्या, व्हिन्स स्टोनच्या घरी पत्ते खेळायला बसतो. लागानाच्या बंगल्यावर पहारा देणारे पोलीस सरकारी पगारी आहेत. आत त्याच्या मुलीची मेजवानी चालू आहे, भिंतीवर त्याच्या दिवंगत आईचे मोठे तैलचित्र आहे आणि ‘असला’ विषय या घरात काढल्याबद्दल लागाना मनापासून संतापतो. भ्रष्टाचार अंधाऱ्या गल्लीत राहतो, ही आपली भाबडी समजूत लँग येथे मोडून काढतात. तो झगझगीत दिवाणखान्यात राहतो आणि त्याला सभ्यतेची फार चाड असते.

हे सारे कोणाच्या डोक्यातून निघालेले कुभांड नव्हते. मूळ कथा विल्यम मॅकगिव्हर्न यांची, ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकातून क्रमशः आलेली. पटकथा सिडनी बोहम यांची. दोघेही वृत्तपत्रांतून बातमीदारी केलेले. कादंबरीतील शहर फिलाडेल्फिया आहे. चित्रपटाने त्याचे केनपोर्ट असे काल्पनिक नाव केले. त्याच फिलाडेल्फियात १९४८ साली महापालिकेच्या कर खात्यातील एका अधिकाऱ्याने आत्महत्या केली होती आणि मागे ठेवलेल्या चिठ्ठीतून खात्यातील अफरातफरीला तोंड फुटले होते. न्यूयॉर्कची कथा याहून उद्बोधक आहे. तेथे १९५० साली ब्रुकलिनमधील हॅरी ग्रॉस या सट्टेवाल्याला अटक झाली आणि तो पोलिसांना संरक्षणापोटी वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर पोहोचवीत होता असे बाहेर आले. शेकडो पोलिसांनी नोकऱ्या सोडल्या. शहराचे महापौर विल्यम ओड्वायर यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला आणि ते मेक्सिकोत राजदूत म्हणून रवाना झाले. १९५१ मध्ये पोलिसांवर खटला उभा राहिला, पण ऐन वेळी ग्रॉसने साक्ष देण्याचे नाकारले आणि खटला कोलमडला. एका माणसाचे तोंड बंद झाले, एवढ्यावर सारे निभावले.

त्याच सुमारास सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांच्या अध्यक्षतेखालील समिती चौदा शहरांतून फिरून संघटित गुन्हेगारीची चौकशी करीत होती. मार्च १९५१ मधील तिच्या न्यूयॉर्कमधील सुनावण्या दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेल्या, तेव्हा त्या पाहणाऱ्यांची संख्या तीन कोटींच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. फ्रँक कॉस्टेलो या बड्या धेंडाने आपला चेहरा दाखवण्यास हरकत घेतली, म्हणून कॅमेरा त्याच्या हातांवर रोखला गेला आणि ते चुळबुळणारे हात सर्व देशाने पाहिले. संरक्षणाचा हप्ता पोलिसांपर्यंत आणि राजकारण्यांपर्यंत कसा जातो, हे या सुनावण्यांतून सामान्य माणसाला प्रथमच घरबसल्या दिसले. ‘द बिग हीट’चा पहिला प्रेक्षक हा असा सगळे ऐकून, पाहून चित्रपटगृहात आलेला होता. त्याला भ्रष्टाचार आहे हे पटवून द्यावे लागणार नव्हते. त्याला उत्सुकता होती ती हे संपते कसे याची.

आता बॅनियनकडे वळू. ग्लेन फोर्ड यांनी रंगवलेला हा फौजदार सज्जन आहे, कुटुंबवत्सल आहे. डंकनची मैत्रीण ल्यूसी त्याला विश्वासाने सांगते की, डंकन आजारपणाला कंटाळून मरण्यातला नव्हता. दारूच्या गुत्त्यात बसणारी ही बाई. बॅनियन तिच्याकडे तुच्छतेने पाहतो. तिचे म्हणणे तो बर्थापुढे ठेवतो. थोड्याच अवधीत शहराबाहेर ल्यूसीचे प्रेत सापडते, अंगावर सिगारेटचे चटके दिलेले. पुढे तो सरळ लागानाच्या घरी जाऊन त्याला धमकावतो. त्याचे उत्तर म्हणून त्याच्या मोटारीत स्फोटक ठेवले जाते आणि त्यात बळी पडते त्याची पत्नी केटी. व्हिन्स स्टोनची ठेवलेली बाई डेबी त्याच्याशी बोलताना दिसते, तर स्टोन उकळत्या कॉफीचे भांडे तिच्या तोंडावर फेकतो. तो प्रसंग लँग पडद्यावर दाखवीत नाहीत. आपण पाहतो ते फक्त उकळणारे भांडे. नंतर ऐकतो तो आक्रोश. आणि अखेर डेबीही मरते.

या सर्व अपराधांचे कर्ते गुंड आहेत, बॅनियन नव्हे. पण ज्या ज्या स्त्रीने या नीतिमान पुरुषावर विश्वास टाकला, तिला त्याच्या नीतिमत्तेची किंमत मोजावी लागली आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडा उठला नाही, हा हिशेब लँग यांनी जाणूनबुजून मांडला आहे. तक्रारदाराचे नाव आरोपीच्या घरी पोहोचवणारा अधिकारी कितीही स्वच्छ हातांचा असो, त्याच्या कार्यपद्धतीत मोठा दोष आहे. आपल्याकडे माहिती अधिकाराचा वापर करणाऱ्यांवर झालेले हल्ले ज्यांनी वृत्तपत्रांतून वाचले आहेत, त्यांना ल्यूसीच्या मरणाचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही.

पत्नीच्या मृत्यूनंतर बॅनियन आयुक्तांच्या तोंडावर आरोप करून आपला बिल्ला परत करतो. पिस्तूल मात्र ठेवून घेतो. ते स्वतःच्या पैशाने घेतलेले आहे, असे तो बजावतो. कायद्याचे चिन्ह गेले आणि शस्त्र तेवढे राहिले! येथून चित्रपटाचा रंग गडद होतो. एका हस्तकाचा गळा दाबून तो कबुली वदवून घेतो आणि मग त्याने तोंड उघडले ही बातमी पसरू देऊन त्याला त्याच्याच टोळीच्या हवाली करतो. बर्थाच्या घरी जाऊन तिच्याही गळ्याला हात घालतो. ती मेली की पत्र बाहेर येईल, हे गणित त्याला समजले आहे. नेमके तेव्हाच दारात पोलीस येतात आणि तो थांबतो. नंतर तो ही गोष्ट डेबीला सांगतो तेव्हा ती, अर्धा चेहरा पट्ट्यांनी झाकलेली ती उपेक्षित बाई, त्याला म्हणते की, तुम्ही तसे केले असते तर तुमच्यात आणि व्हिन्स स्टोनमध्ये फारसा फरक उरला नसता. साऱ्या चित्रपटात एवढे स्वच्छ नैतिक विधान दुसऱ्या कोणी केलेले नाही.

आणि तरीही ते कृत्य घडतेच. संरक्षणासाठी म्हणून बॅनियन डेबीजवळ पिस्तूल ठेवून जातो. ती बर्थाच्या घरी जाते आणि तिला गोळी घालते. दोघींच्याही अंगावर गुंडांच्या पैशातून आलेले मिंकचे महागडे कोट आहेत. लॉकर उघडते, पत्र वृत्तपत्रांत छापून येते, लागाना आणि आयुक्त हिगिन्स यांच्यावर आरोपपत्र दाखल होते. म्हणजे शहराची जी शुद्धी झाली ती एका खुनामुळे, आणि तो खून नायकाच्या हातून न होता नायकाच्या वतीने झाला. १९३४ पासून कडकपणे राबवल्या जाणाऱ्या हॉलिवुडच्या नीतिसंहितेनुसार गुन्हेगाराला शासन होणे आवश्यक होते आणि कायद्याची बूज राखली जाणेही आवश्यक होते. लँग यांनी दोन्ही अटी पाळल्या. बॅनियनचे हात कोरे ठेवले आणि पाप डेबीच्या पदरात घातले. ही चित्रपटाची लबाडी आहे असे काही म्हणतील. आम्हाला ती चित्रपटाची खंत वाटते. डेबी मरत असताना बॅनियन तिला आपल्या पत्नीविषयी हळुवारपणे सांगत बसतो, त्या प्रसंगात विजयाचा सूर औषधालाही नाही.

येथे एका मराठी कथेचे स्मरण अपरिहार्य आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातला मुंबईचा फौजदार अनंत वेलणकर हा बॅनियनइतकाच प्रामाणिक आणि त्याच्याहून अधिक कोंडलेला. रामा शेट्टी हा तेथील लागाना. परंतु पानवलकर-तेंडुलकर-निहलानी या त्रयीने ती रेषा ओलांडली जिच्याशी लँग थबकले होते. वेलणकराचा संताप एका किरकोळ चोरावर कोसळतो आणि तो चोर कोठडीत मरतो. आता निलंबित फौजदाराला वाचवणार कोण? ज्याच्याविरुद्ध तो उभा ठाकला त्या रामा शेट्टीच्याच दारी त्याला जावे लागते. तो शेट्टीला मारतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो, हा शेवट सर्वांच्या लक्षात राहिला. चित्रपटगृहांत त्यावर टाळ्याही पडल्या. त्या कोठडीतल्या चोराची आठवण मात्र कितीजणांना आहे? संतापी अधिकाऱ्याच्या हातून पहिला मार खातो तो नेहमी दुबळा माणूस, आणि त्या अपराधावर पांघरूण घालण्यासाठी अधिकारी जातो तो नेहमी बलवानाकडे. हप्ता न घेताही फौजदार असा विकला जाऊ शकतो.

ऑर्सन वेल्स यांनी १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये हीच गाठ तिसऱ्या बाजूने दाखवली. त्यातला क्विन्लन हा पोलीस अधिकारी पैशाला शिवत नाही. तो फक्त आरोपींच्या घरात खोटा पुरावा ठेवतो. चित्रपटाच्या अखेरीस कळते की, त्याने ज्याला अडकवले तो तरुण खरोखरच गुन्हेगार होता. हे कळल्यावर प्रेक्षकाच्या मनात क्षणभर जे समाधान डोकावते, त्याचे काय करायचे, हे वेल्स सांगत नाहीत.

प्रत्यक्षात खाती कशाने सुधारतात, याचे उत्तर पडद्यावरच्यापेक्षा नीरस आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या दोन पोलिसांनी वरिष्ठांकडे वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, त्या ऐकल्या गेल्या नाहीत. शेवटी एप्रिल १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती हकीकत छापली, तेव्हा महापौरांना चौकशीची पावले उचलावी लागली आणि त्यातून नॅप आयोग आला. त्या आयोगाने १९७२ च्या अहवालात भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग केले: समोर येईल तेवढे चरणारे आणि शिकार शोधत हिंडणारे. चरणाऱ्यांची संख्या अधिक आणि त्यांच्याच मौनावर शिकारी जगतात, असा त्याचा रोख होता. केनपोर्टचा विल्क्स येथे आठवावा. आपल्याकडे १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते कपाटात राहिले. सर्वोच्च न्यायालयाला २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात अधिकाऱ्यांचा किमान कार्यकाल, तक्रार प्राधिकरणे यांविषयी आदेश द्यावे लागले आणि त्यांच्या अंमलबजावणीविषयी अजूनही तक्रारी आहेत. बदलीची टांगती तलवार असलेल्या अधिकाऱ्याकडून आपण बॅनियनच्या धैर्याची अपेक्षा करतो. तीही पगारी सुट्टी न देता.

‘द बिग हीट’च्या शेवटी बॅनियन आपल्या जुन्या टेबलाशी परत येतो. नव्या गुन्ह्याची वर्दी येते, तो निघतो आणि जाता जाता कॉफी गरम ठेवायला सांगतो. डेबीचा चेहरा आठवणाऱ्या प्रेक्षकाला ते शब्द चटका देऊन जातात. खाते तेच आहे, टेबल तेच आहे. आयुक्त बदलला एवढेच. विल्क्स मात्र बदललेला आहे. बॅनियनच्या मुलीच्या रक्षणासाठी तो अखेर स्वतः पहाऱ्याला उभा राहिला आणि वरचा निरोप खाली पोहोचवण्याचे त्याने प्रथमच नाकारले.

एका व्यक्तीचा उल्लेख राहिला. भंगार मोटारींच्या वखारीत कारकुनी करणारी, काठी टेकत चालणारी सेल्मा पार्कर नावाची एक वयस्क बाई. केटीच्या मारेकऱ्याचा माग काढीत बॅनियन तेथे जातो तेव्हा वखारीचा मालक भीतीने तोंड उघडीत नाही. तो निराश होऊन निघतो, तोच ही बाई कुंपणाच्या जाळीपाशी येऊन हलक्या आवाजात त्याला एक नाव सांगते. एवढेच नव्हे, तर पुढे त्या मारेकऱ्याच्या दारावर स्वतः थाप मारून, हाच तो माणूस, अशी ओळख पटवून देते. तिच्याकडे पिस्तूल नाही, बिल्ला नाही, सूड घ्यावा असे कोणी गेलेलेही नाही. सारी कथा तिच्या त्या पाच-दहा वाक्यांवर पुढे सरकते आणि त्यानंतर ती चित्रपटात दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच मालकाकडे कामावर गेली असणार. त्याने तिला ठेवले की काढले, हे लँग यांनी सांगितलेले नाही.